काट्यावर दोघी

आमच्या हॉस्पिटलातल्या निलम राठोडला लहान लेकरं भूत समजायची, आणि तिला लांबून बघितलं तर कोणालाही तसंच वाटलं असतं. कॅन्सरच्या लेकरांचा वॉर्ड संपला की एक लांब बोळ लागतो, त्याच्या टोकाला तिची खोली. पूर्वी तिथं एक्स-रे काढायचे, म्हणून भिंतीत अन् दारात शिशाचे पत्रे बसवलेले आहेत. दार लागलं की आतला आवाज बाहेर येत नाही, बाहेरचा आत जात नाही. दाराशेजारी हातभर काच आहे. तिच्यातून डोकावलं तर पांढरा झगा, टोपी, मास्क, चष्मा, हातमोज्यांवर हातमोजे असं काहीतरी एका काचेच्या कपाटात हात घालून बसलेलं दिसतं. माणूस म्हणून काही दिसतच नाही. हात तेवढे हलतात, तेही पाण्याखाली हलल्यासारखे.

लेकरं पाळीपाळीनं तिथं जाऊन यायची.

"पाय बघितले का रे?"

"न्हाई दिसत. टेबल आडवं येतंय."

"उलटेच आसतील, मी सांगतो तुला."

मी त्या वॉर्डातली सिस्टर, सरिता. मी रागावून सगळ्यांना खाटेवर नेऊन बसवायची, अन् पाठ वळली की परत तेच.

निलम ही आमची फार्मासिस्ट. कॅन्सरवरचं औषध दुकानातून आणून सरळ टोचता येत नाही. लेकराचं वजन अन् उंची घेऊन डॉक्टर हिशेब करतात, त्या मापानं ते बाटलीतून काढून सलाइनमध्ये मिसळावं लागतं. ते काम तिचं. थेंब अंगावर उडाला तर कातडी जळते, वास नाकात गेला तर बरा नाही, म्हणून तो सगळा पोशाख. औषध कमी पडलं तर आजार तसाच राहतो. जास्त झालं तर लेकराला आजारानं नाही, औषधानं जायची पाळी येते. या दोन्हीच्या मधली जागा फार अरुंद असते, अन् निलम रोज तिथंच बसते.

ती सेनगावकडच्या तांड्यावरची. वडील शंकरसिंग जीप चालवायचे. पोरगी फार्मसी शिकली तेव्हा त्यांची एकच इच्छा होती, की तिनं सेनगावच्या स्टँडसमोर मेडिकल टाकावं. ती नांदेडला नोकरी करून, मुंबईला हे काम शिकून इथं आली. तेव्हा ते मला ऐकवून म्हणाले होते, "सिस्टर, एवढं शिकून माझी पोरगी जहर कालवते म्हना की."

निलम हसून म्हणाली, "व्हय बापू. पण मापात."

तिची एक रीत होती. औषधाला हात लावायच्या आधी ती लेकराचं नाव मोठ्यानं घ्यायची. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, मग वजन, मग औषध. आत एक बोलायचं यंत्र बसवलेलं आहे. काचेबाहेर उभी राहून मी तेच परत म्हणायची अन् शेवटी "बराबर" म्हणायची. माझं "बराबर" आलं की तिची सुई उचलली जायची. तपासणी दोघींनी करायची हा नियमच आहे, पण तो कागद बघूनही करता येतो. मोठ्यानं नाव घेणं हे तिचं स्वतःचं होतं. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "आत एकटीच आसते ना ताई. नाव घेतलं की कोणासाठी करून राहिले ते हाताला कळतं."

नाव घ्यायची, पण लेकरू कधी बघायची नाही. पहिल्या वर्षी दिपक नावाचं एक पोरगं होतं. त्याच्याशी ती दुपारी सापशिडी खेळायची. ते पोरगं गेलं. त्यानंतरच्या औषधाला तिचा हात इतका हलला की ते टाकून नवीन बनवावं लागलं. तेव्हापासून ती वॉर्डात पाऊल ठेवत नव्हती. लेकरं तिला नावानं अन् वजनानं माहीत. "ती अकरा किलोची कशी आहे?" असं विचारायची. मी तोंडावळा सांगायला लागले की हात वर करून थांबवायची.

हे सगळं मी पुढचं कळावं म्हणून सांगितलं.

कुरुंद्याची प्रतिक्षा इंगोले पाच वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. सोबत आई पुनम आणि आजी शकुबाई, म्हणजे पुनमची सासू, असायच्या. पुनम फारशी बोलायची नाही, आजीच सगळं बोलायची. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर गोंदण, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशीच तिनं मला विचारलं होतं, "आमच्या लेकराचं औशद त्या बोळातली बाई बनवती का?" मी हो म्हणाले. औषध वजनावर कसं बनतं, आधी नाव कसं घेतात, ते सगळं सांगितलं. आम्ही सगळ्याच पालकांना सांगतो. धीर येतो त्यांना.

दोन-तीन खेपा बऱ्या गेल्या. मग पोरीचे केस गळाले, ताप आला, उलट्या झाल्या. जरा बरं वाटल्यावर पंधरा दिवस घरी गेली आणि जानेवारीतल्या एका गुरुवारी लाल औषधासाठी परत आली. नांदेडचे डॉक्टर गुरुवारी येतात. हे औषध रंगानं रसनाच्या सरबतासारखं लाल असतं, म्हणून सगळे त्याला लाल औषधच म्हणतात. त्याचा भार हृदयावर येतो. त्यामुळे मापाच्या बाबतीत ते सगळ्यांत कडक.

वजन सकाळी शिला सिस्टरनं घेतलं. थंडी होती, पोरगी स्वेटरात, वरून आजीची शाल. आजी म्हणाली, "काढू नगा बाई, खोकला हाय तिला." शिलाला चाळीस कामं. तिनं तसंच घेतलं.

अकराच्या सुमारास मी काचेपाशी गेले. निलम आत तयार होती. लाल बाटली कपाटात ठेवलेली. पंख्याची घरघर यंत्रातून येत होती. तिनं नाव घेतलं.

"प्रतिक्षा बालाजी इंगोले. गाव कुरुंदा."

"व्हय," कोणीतरी म्हणालं.

मी तर अजून बटणही दाबलं नव्हतं. आवाज बारीक होता, लेकराचा, जवळून आल्यासारखा. मला वाटलं यंत्रातून आला, म्हणजे आतून. मी मागे बघितलं. बोळ रिकामा. वॉर्डाचं दार बंद.

निलमनं मान फिरवून आपल्या पाठीमागे बघितलं. मग काचेकडे.

"ताई, लेकरू हाय का तुमच्यापाशी?"

"न्हाई गं. तुझ्या आत कोण हाय?"

"माझ्या आत कोण आसणार?"

मी मनात विठ्ठलाचं नाव घेतलं. घाबरले की माझ्या तोंडात तेच येतं. निलमनं दोन्ही हात कपाटातून बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. हात हलला की सुई बाजूला ठेवायची अन् पहिल्यापासून सुरू करायचं, हा तिचा नेम. तिनं डॉक्टरांचा कागद परत वाचायला घेतला. या वेळी मनात. वाचता वाचता वजनापाशी थांबली.

"ताई, ही मागच्या खेपेला चौदा होती."

"आसंल."

"मधे ताप होता म्हणलात. जेवत नव्हती म्हणलात. मग साडेपंधरा कशी झाली?"

"अंगात पाणी धरलं आसंल."

"पाणी धरलं आसतं तर डॉक्टरांनी लिहिलं आसतं." तिनं कागद खाली ठेवला. मग यंत्रातून हळू म्हणाली, "ताई, काट्यावर एकटी नव्हती ती. दोघी होत्या."



तिनं डॉक्टरांना फोन लावला. तेही लगेच म्हणाले, "थांबवा. कपडे काढून परत वजन घ्या, मी ओपीडी सोडून येतोच."

मी वॉर्डात आले तर पोरगी खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसलेली. अंगाची काडी झाली होती, चेहऱ्यावर नुसते डोळे. पोटापाशी मात्र स्वेटर फुगलेलं. मी म्हणाले, "प्रतिक्षा, चल बाळा, वजन करू."

शकुबाईनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखरच ठेवला.

"ते नाव घेऊ नगा. तिला भिकी म्हना."

"काहून?"

"म्हना म्हनलं ना."

मनगटाला नावाची पट्टी नव्हती. मी विचारलं तर आजी म्हणाली, गळून पडली. ती पट्टी गळत नाही, कात्रीनंच कापावी लागते. मी स्वेटरला हात लावला तशी आजी पोरीला पाठीशी घालून उभी राहिली.

"लेकराला हात लावायचा न्हाई! पुनम, उचल पिशवी. आपन घरी जाऊ."

पुनमनं पिशवी उचलली नाही, पण नको असंही म्हणाली नाही. मला दिसत होतं की ही बाई आता खरंच निघणार. पोरीचा आजार आटोक्यात येत होता, अन् डॉक्टर मागच्याच खेपेला बजावून गेले होते की आता मधली खेप चुकली तर सगळं परत पहिल्यापासून, कदाचित त्याहून वाईट. औषध दिल्याशिवाय पाठवता येत नव्हतं, अन् वजन कळल्याशिवाय औषध बनत नव्हतं.

मी बोळातून जवळजवळ पळतच गेले आणि काचेवर हात आपटला.

"निलम, तूच ये. माझं ऐकत न्हाई ती."

मला वाटलं नाहीच म्हणणार. मग उठली, झगा उतरवला, हातमोजे काढून जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले, हात धुतले. बाहेर आली तेव्हा साध्या हिरव्या ड्रेसमधली, चष्म्याचे वळ गालावर उमटलेली पोरगीच ती. तरी वॉर्डात शिरल्यावर एकदम चिडीचूप झालं. खिडकीजवळच्या खाटेवरचं एक पोरगं पार वाकून बघायला लागलं आणि निराश होऊन म्हणालं, "सरळच हायेत की!"

शकुबाई मात्र भिंतीला टेकली.

"तीच का तू? नाव घेनारी?"

"व्हय आजी. मीच."

"तू नाव घेतीस अन् लेकरू वाळतं. केस गेले तिचे. अन्न जाईना. दर बारीला तू नाव घ्यायचं अन् इकडं हिनं झुरायचं. म्हून इकली मी तिला."

निलम खाटेच्या कडेला बसली. "कोणाला इकली आजी?"

"शेजारच्या भिकाबाईला. सुपात बसवून. पसाभर जवारी घेतली. आता ही भिकाबाईची भिकी हाय. आमची न्हाई."

आमच्या भागात ही रीत जुनी आहे. आधीची लेकरं जगली नसली किंवा आजार हटत नसला की लेकरू सुपात घालून दुसऱ्या बाईला विकतात, दाण्याच्या मोलानं. नाव बदलतात. जुन्या नावानं न्यायला आलेल्याला ते लेकरू सापडू नये म्हणून. मात्र त्यात एक अट असते. जुन्या नावाला लेकरानं ओ द्यायची नाही. दिली की सौदा मोडला.

"अन् पहिलं नाव?" निलमनं विचारलं. "ते कोणाला दिलं?"

शकुबाईनं तोंड फिरवलं. पुनमच बोलली, पहिल्यांदाच. "दाखवा ना आत्या. दाखवा आता." आणि तिनंच पोरीच्या स्वेटरची बटणं सोडली.

पोटाशी ओढणीनं बांधलेली एक बाहुली होती. चिंध्यांची, हातभर. अंगात प्रतिक्षाचा जुना फ्रॉक. मनगटाच्या जागी आमच्या हॉस्पिटलची पट्टी, तिच्यावर नाव. आणि डोक्याला केस. खरे केस, मऊ, पिंगट, टाके घालून शिवलेले. पोरीचे गळालेले केस आजीनं उशीवरून वेचून ठेवले होते. बाहुलीला डोळे होते, तोंड मात्र शिवलेलं नव्हतं. नुसतं सपाट कापड.

निलमनं ती हातात घेतली तसा तिचा हात खाली गेला. चांगलीच जड होती. कच्च्या हळदीचा वास आला.

"काय भरलं हिच्यात?"

"हळकुंडं. अन् नदीचा एक गोटा." शकुबाईचा आवाज आता फुटला. "तुमीच सांगितलं न्हवं, औशद वजनावर बनवतात म्हून? मग तिला वजन नगं का? बिनवजनाचं लेकरू कोन धरतंय खरं? काट्यावर ती चढली म्हंजे औशद तिच्या नावचं झालं. झुरायचं ते ती झुरंल. माझं लेकरू निसतं बसून राहील."

मी या बाईला मनात काय काय म्हणत आले होते. ते सगळं माझ्या तोंडातच राहिलं. तिनं आमचं एक-एक वाक्य ऐकलं होतं अन् त्यावर आपल्या परीनं पूर्ण विचार केला होता.

"आजी," निलम म्हणाली, "बाहुलीच्या वजनाचं औषध झालं आसतं, पण गेलं आसतं हिच्याच नसात. हिचं काळीज केवढं, बघा." तिनं पोरीची मूठ धरून आजीपुढं केली. "एवढं. त्याला ते झेपलं नसतं."

आजी त्या मुठीकडं बघत राहिली. तरी मान हलवली. "वजन घे. पर नाव घ्यायचं न्हाई. तू नाव घेतलं अन् हिनं ओ दिली की संपलं."

तेव्हा पोरगी बोलली. इतका वेळ ती निलमकडंच बघत होती.

"आज्जी, मी तर दिली."

"काय दिली?"

"ओ. मघा बाईनं हाक मारली ना, तवा. मी व्हय म्हनले."

पुनम म्हणाली की पोरगी सकाळपासून खाटेवरून हलली नव्हती. मधे बंद दार, लांब बोळ, शिशाची भिंत. मी निलमकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आम्ही दोघींनी काय ऐकलं होतं ते तिथं कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

शकुबाई मटकन खाली बसली. रडली नाही. "गेलं मग," एवढंच म्हणाली. सौदा मोडला होता. तिच्या लेखी पोरगी त्या क्षणी हातातून गेली होती, औषध द्या की नका देऊ.

निलम तिच्यासमोर फरशीवर बसली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच होता, यंत्रातून यायचा तसा.

"आजी, हाक कोणी मारली?"

"तू."

"मग ओ कोणाला गेली? मलाच ना? दुसऱ्या कोणी हाक मारलीच न्हाई. लेकरू आलं तर माझ्याकडं आलं."

आजीनं मान वर केली. निलमचा चेहरा न्याहाळला. मग म्हणाली, "आसं म्हनतीस तर मग इकत घे. निसतं तोंडानं न्हाई चालत."

"दाणे न्हाईत माझ्यापाशी."

"डब्यात काय हाय?"

"जवारीची भाकर."

"चालती. दान्याचीच हाय ती."

मी स्टाफरूममधून तिचा डबा आणला. सूप नव्हतं, म्हणून शिलानं औषधाचा मोठा ट्रे धुऊन पुसून आणला. पुनमनं त्यात पोरीला बसवलं. निलमनं अर्धी भाकर मोडून शकुबाईच्या पदरात घातली. आजीनं ट्रे तिच्याकडं सरकवला आणि म्हणाली, "तुझं लेकरू. ऱ्हायलं तरी तुझं, गेलं तरी तुझं." निलमनं हे ऐकलं. ज्या बाईनं एका पोराच्या पायी वॉर्डात यायचं सोडलं होतं, तिनं हे ऐकलं अन् पोरीला उचलून कडेवर घेतलं.

तोवर डॉक्टर येऊन दारात उभे होते. त्यांनी किती बघितलं माहीत नाही. "झालं का वजन?" एवढंच विचारलं.

वजन तेराच्या जरा वर भरलं. त्यांनी हिशेब नव्यानं केला, माप बरंच खाली आलं. मी नवीन पट्टी केली. निलमनं पुन्हा झगा चढवला, अन् दुपारी ते लाल औषध सावकाश पोरीच्या नसातून गेलं. रात्रभर ताप नाही, उलटी एकदाच.

बाहुली शकुबाईनं परत नेली नाही. आता ती निलमचीच, असं तिचं म्हणणं. निलमनं तिच्या हातावरची पट्टी कापून घेतली, केस उसवून पुनमला दिले आणि बाकीची पिवळ्या पिशवीत घालून जाळायला पाठवली. पिशव्या नेणारा माणूस दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "सिस्टर, काल काय टाकलं होतं? एक पिशवी भलतीच जड." मी म्हणाले, हळद.

पोरगी अजून येते. डॉक्टर म्हणतात, ठीक चाललंय. पुढचं ते बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही. आता तिला दुसरं कोणी काट्यावर चढवत नाही. शकुबाई तिला सरळ बोळाच्या टोकाला नेते, दारावर थाप मारते अन् म्हणते, "घे तुझं लेकरू, कर वजन." निलम बाहेर येते. पुढच्या खेपेला पहिल्यांदा असं वजन करताना तिचे हात हलत होते, अन् ते लपवायला तिनं ते ओढणीत गुंडाळले. मला भीती वाटली, ही आता आत जाऊन सुई कशी धरणार.

त्या दिवशी मी काचेबाहेर उभी राहिले. तिनं बाटली ठेवली, हात कपाटात घातले आणि नाव घेतलं. प्रतिक्षा बालाजी इंगोले, गाव कुरुंदा. मी बटणावर बोट ठेवून थांबले. ती पण थांबली. पंख्याची घरघर तेवढी येत होती. दोघी कशाची वाट बघत होतो ते दोघींना माहीत होतं.

कोणीच ओ दिली नाही.

मी "बराबर" म्हणाले. तिनं सुई उचलली, अन् हात अजिबात हलला नाही. मला हायसं वाटायला पाहिजे होतं, पण मी तशीच चपला वाजवत वॉर्डात पळाले. लेकरू गाढ झोपलं होतं.